सावळारामाचे दोनशे शब्द

"ॲक्विझिशन," दत्तोबा गुरुजी म्हणाले.

सावळारामाने डोळे मिटले. "चिमाजीआप्पाची गाय. कुंपन मोडून दुसऱ्याच्या रानात शिरती. ॲक्विझिशन म्हंजी जमीन ताब्यात घेनं."

"ऑब्जेक्शन?"

"आमची थोरली आत्या. मांडवात आली की पयलं तेच करती. हरकत."

"प्रोव्हिजनल?"

"कुडाची भित. पक्की हुईस्तवर. तात्पुरतं."

गुरुजींनी पाटीवर रेघ ओढली. दोनशेपैकी एकशे त्र्याऐंशी शब्द झाले.

पुण्याच्या हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवून गुरुजी चिखलीला परतले होते. नुसता घोकलेला शब्द पळून जातो, त्याला गावातल्या एखाद्या माणसाच्या नाहीतर जनावराच्या दावणीला बांधावं, ही त्यांची रीत. सहा महिन्यांत निम्मी चिखली अशी इंग्रजीत जाऊन बसली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. 'ऑब्स्टिनेट' म्हणजे हट्टी, या शब्दाच्या दावणीला कोण आहे, हे सावळारामाने आपल्या बायकोला, सरुबाईला, कधीच सांगितलं नाही.

चौथी पास, पस्तिशीचा गडी. सकाळी रानात, दुपारी गुरुजींच्या ओसरीवर. लोक हसायचे.

"पालथ्या घड्यावर पानी, गुरुजी!" चिमाजीआप्पा एकदा रस्त्यावरूनच ओरडले.

"घडा सुलटा करायलाच सा म्हैने लागले, आप्पा," सावळाराम म्हणाला. "आता भरतोय."

त्याला राग होता आणि तो खरा होता. पिंपरीच्या बाजूने कारखाने येत होते. येईनात बापडे. पण जमिनी कुणाच्या जाणार, हे ज्यांच्या जायच्या त्यांनाच कळत नसे. शेजारच्या गावाची नोटीस चिंचवडच्या कचेरीच्या दारावर लागली होती, ती सगळी इंग्रजीत. हरकत घ्यायला तीस दिवस होते. कागद दारावरच पिवळा पडला. एकतिसाव्या दिवशी साहेबाचा माणूस गावात आला आणि मुदत संपली म्हणाला. आता चिखलीच्या रानातही मोजणीच्या पांढऱ्या खुंट्या ठोकल्या होत्या. एक सावळारामाच्या विहिरीला लागून होती. विचारायला गेलं की कचेरीतले लोक एकमेकांशी इंग्रजीत बोलत आणि मराठीत म्हणत, "कळेल."

"माज्या रानाचं माज्यासमोर बोलत्यात आन् मी बैलावानी हुबा," तो म्हणायचा. "न्हाई चालायचं."

मग त्याच कचेरीत एक जागा निघाल्याची खबर आली. सरुबाईने ती पाणवठ्यावर नेली आणि परत आणली तेव्हा सावळाराम हेडक्लार्क झालेला होता. "सायबाच्या शेजारी खुर्ची हाय," ती सांगत सुटली. सावळाराम हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. राहिलेले सतरा शब्द त्याने आठवड्यात संपवले.

मुलाखतीला सरुबाई हट्टाने बरोबर आली. इरकली नेसून कचेरीच्या व्हरांड्यात उघड्या दारासमोर बसली. सावळारामाच्या आधीचे दोघे फाडफाड इंग्रजी वाचून बाहेर आले. "कळवू," म्हणून त्यांना वाटेला लावलं होतं. सरुबाईला बरंच वाटलं.

हेडक्लार्क यशवंतरावांनी सावळारामापुढे इंग्रजी कागद टाकला. "वाच."

सावळारामाने कागद उलटा धरला. मग सुलटा केला. मग पुन्हा उलटा.

"ह्ये चित्र कशाचं हाय, सायेब?"

खोलीभर हशा पिकला. सरुबाईने पदर तोंडाशी नेला.

"एबीसीडी तरी?"

"न्हाई जी. आमी औत हाकनारी मानसं."

यशवंतरावांनी त्याला नीट न्याहाळलं आणि समाधानाने मान डोलावली. "शिपायाची जागा आहे. आजच लाग. ते बंडल आतल्या साहेबांना नेऊन दे."

सावळाराम बंडल घेऊन आत गेला. साहेब फोनवर होते. ते मोकळे होईपर्यंत तो बंडल हातावर धरून, वरच्या कागदाकडे खुळ्यासारखा बघत उभा राहिला. साहेबांनी एकदा पाहिलं आणि बोलणं चालू ठेवलं.

परतीच्या वाटेवर सरुबाईचं तोंड थांबेना.

"सा म्हैने रान माज्यावर टाकलं! दोनशे शबूद गिळलं आन् सायबाफुडं एक बी तोंडातनं निगंना? शिपाई! आता पानवठ्यावर कोनत्या तोंडानं जाऊ मी?"

तो खाली मान घालून झपाझप चालत होता आणि त्याचे ओठ हलत होते. माणूस रडतोय की काय, असं वाटून ती जरा नरमली. "अवो, जाऊ द्या," ती म्हणाली. त्याने हातानेच गप्प राहायची खूण केली, तशी ती पुन्हा भडकली.

गावात शिरल्यावर तो घराकडे वळलाच नाही. तडक गुरुजींच्या ओसरीवर चढला. शिकवणीचा जाब विचारायचाच म्हणून सरुबाईही मागोमाग चढली. गुरुजी टाक, दौत आणि कोरा कागद मांडून बसलेलेच होते. शेजारी चिमाजीआप्पा होते, आणि आज ते हसत नव्हते.

"घ्या लिवून," सावळाराम म्हणाला. "नोटीस शुक्रवारी दारावर लागनार. मौजे चिखली, सर्वे नंबर एकशेचार ते एकशे एकोनीस. हरकत कलेक्टरकडं, तीस दिवसांच्या आत. आपली हरकत पयल्याच दिवशी जाईल, इंग्रजीत, आन् पयली सही माजी. आज येकच कागद वाचून झाला. बाकीचं उद्या सांगतो, उद्यापास्नं रोज डूटी हाय."