ड्वेनचा नवा माईक

ओहायोतल्या जुन्या गाण्यांच्या एका रेडिओ स्टेशनवर ड्वेन एकतीस वर्षं सकाळचा निवेदक होता. गाण्याचं सुरुवातीचं संगीत वाजू लागलं की हा त्यावर बोलत सुटायचा आणि गायक तोंड उघडणार त्याच क्षणी थांबायचा. गाणं संपतंय न संपतंय तोच पुन्हा सुरू! सगळी गाणी तोंडपाठ असल्याने कानाला हेडफोनही लावत नसे.

त्या बुधवारी त्याने हट्टाने मागवलेला नवा माईक आला आणि श्रोत्यांचे फोन खणखणायला लागले.

"अहो, आज पहिल्यांदा गिटार नीट ऐकू आली!"

"आवाज किती स्वच्छ केलात हो!"

ड्वेनची कॉलर ताठ झाली. "बघितलंस, आर्लीन? म्हणे जुना माईक काय वाईट आहे! अगं, असा आवाज पेलायला माईकही तसाच लागतो."

स्टेशनची यंत्रं सांभाळणारी आर्लीन टेबलाखाली वाकली. नव्या माईकची वायर कशालाच जोडलेली नव्हती, तिचं टोक जमिनीवर लोळत होतं.

ती तडक मॅनेजर हॉलिसच्या केबिनमध्ये गेली. "साहेब, सकाळपासून ड्वेनचा एक शब्द बाहेर गेलेला नाही. आत्ता जोडते."

हॉलिसने आलेल्या फोनांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. त्रेचाळीस जणांनी कौतुक केलं होतं, तक्रार एकाचीही नव्हती.



"ती वायर नीट गुंडाळून कपाटात ठेव," तो म्हणाला, "नाहीतर कुणीतरी चुकून जोडेल."