ठसा खरा, दार बंद

बायको वारल्याचा फोन आला तेव्हा तो परक्या देशातल्या एका बँकेच्या स्वच्छतागृहात टाय बांधत होता. फोनवर मेहुणी होती. "भाऊजी, ताई गेली. झोपेतच." तो "बरं" म्हणाला. मग त्याने नळ उगाचच सोडला आणि पुन्हा बंद केला.

विमान संध्याकाळचं होतं. तोवर करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो बैठकीच्या खोलीत गेला. भागीदाराला काही बोलला नाही. सांगितलं असतं तर त्याने तिथल्या तिथे गाशा गुंडाळला असता. ही बँक हो म्हणाली तरच घरचा कारखाना चालू राहणार होता.

टेबलावर तिजोरीचा लहानसा नमुना होता आणि त्याच्या दाराला त्या दोघांच्या कारखान्यात बनलेलं यंत्र लावलेलं. समोर बँकेची सुरक्षा सांभाळणाऱ्या बाई, त्यांचे दोन सहकारी आणि एक दुभाषा.

"बोटाचा ठसा तर कुठलंही यंत्र वाचतं," भागीदाराने सुरुवात केली. "हे बोटातली नाडीही वाचतं. तुमच्या माणसाला कोणी धाक दाखवून आणलं, तर ठसा खरा असूनही दार उघडणार नाही."

दुभाष्याने सांगितलं. बाईंनी मान हलवली.

त्याने बोट ठेवलं. लाल दिवा लागला. बोट पँटला पुसून त्याने पुन्हा ठेवलं. लाल.

"काय रे?" भागीदार चेहरा हसरा ठेवून पुटपुटला. "लग्नातसुद्धा इतका घाबरला नव्हतास. मी शेजारीच उभा होतो."

"थांब जरा."

पुन्हा लाल.

भागीदाराने त्याला हळूच बाजूला सारलं आणि स्वतःचं बोट लावलं. खटकन दार उघडलं. "बघा. यांचे हात गार पडलेत, एवढंच. तुमच्याकडची थंडी."

कोणी हसलं नाही. बाई दुभाष्याकडे न बघताच बोलल्या. त्यांची नजर भागीदारावर होती.

"मॅडम म्हणतात," दुभाषा म्हणाला, "यंत्र चुकलं असेल, तर उद्या ते आमच्याही माणसाला बाहेर उभं ठेवेल. आणि चुकलं नसेल, तर यांना धाक कोण दाखवतंय?"

एका सहकाऱ्याने पेनाला टोपण लावलं.

भागीदार घाईघाईने बॅग उघडू लागला. "दुसरं यंत्र आहे आमच्याकडे. हे प्रवासात आपटलंय, त्यामुळे..."

"आपटलेलं नाही," तो म्हणाला. "यंत्र बरोबर आहे." मग तो दुभाष्याकडे वळला. "त्यांना सांगा, माझी बायको वारली. मघाशी फोन आला."

भागीदाराचा हात बॅगेतच राहिला.

दुभाष्याने ते सांगितलं. बाई उठून उभ्या राहिल्या. हळू आवाजात काही बोलल्या, थांबल्या, पुन्हा बोलल्या.

"मॅडमना फार वाईट वाटलं," दुभाषा खाली बघत म्हणाला. "आणि त्या विचारतात, हरकत नसेल तर अजून एकदा बोट ठेवाल का. या दोघांना तिकडून नीट दिसलं नव्हतं."

त्याने ठेवलं. लाल. दोन्ही सहकारी वाकून बघत होते. एकाने काहीतरी म्हटलं, दुसऱ्याने होकार दिला, आणि दोघं लिहू लागले.

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये भागीदाराने त्याचा दंड धरला. "मला सांगायचं नाही होय?"

"सांगितलं असतं तर तू मला आत येऊ दिलं नसतंस."

"नसतंच येऊ दिलं. गाढवा." भागीदाराने चष्मा काढला, पुन्हा घातला. "पोरीला कळवलं कोणी?"

"नाही. हॉस्टेलवर आहे ती. मेहुणी म्हणते, तुम्हीच सांगा."

"मग लाव ना फोन. लाव आत्ता."

त्याने फोन काढला. मुलीचं नाव समोर आलं. तेवढ्यात दार उघडून दुभाष्याने डोकं बाहेर काढलं. "माफ करा. बँकेचे संचालक वरून खाली येतायत. त्यांनाही बघायचंय."

"त्यांना म्हणावं, थांबा," भागीदार म्हणाला.

"नको," तो म्हणाला. "येतो."

त्याने फोन खिशात ठेवला आणि तो आत गेला. मुलीला अजून सांगायचं होतं.