त्रिकोणाचा पाया

"नाही, सगळे एका ओळीत नकोत," चित्रकार म्हणाला. "ओळीत उभं केलं की वर्गाचा फोटो होतो. गोल करून बसवलं तर पत्ते खेळायला बसल्यासारखे दिसाल. आपण त्रिकोण करू. वर टोकाला आई, खाली दोन बाजूंना दोघे मुलगे. बघणाऱ्याची नजर मग आपोआप आईपाशी जाते."

थोरल्याला हे फार पटलं. नव्या दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर त्याला हे चित्र लावायचं होतं. फोटो काय, कुणीही काढतं. हाताने काढलेलं चित्र म्हणजे घराण्याचा रुबाब, असं तो सकाळपासून सगळ्यांना ऐकवत होता. खुर्ची बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ आणली होती. दोघा भावांनी कडक इस्त्रीचे नवे शर्ट घातले होते. आईला न्हाऊ घालून, पाठीला तेल चोळून, केस विंचरून, शाल पांघरून मधलीने आणून बसवलं होतं. मधली म्हणजे या दोघांच्या मधली बहीण. आईला बसवून ती खुर्चीशेजारी उभी राहिली, रोज राहायची तशी.

"तू नको गं," थोरला म्हणाला. तिला वाईट वाटू नये म्हणून हसलाही. "हे दुकानाचं चित्र आहे. पाटीवर आमचं आडनाव. तुझं आता वेगळं, नाही का? उगाच लोक विचारत बसतात."

ते वेगळं आडनाव देणारा माणूस तिला कधीच सोडून गेला होता, आणि आईला अर्धांगाचा झटका आल्यापासून या घरात तिच्याजवळ कोण राहतं, हे थोरल्याला ठाऊक नव्हतं असं नाही. मधलीच्या डोक्यात तिडीक गेली. पण परक्या माणसासमोर शोभा नको म्हणून ती मूग गिळून बाजूला झाली.

ती बाजूला झाली आणि आई डावीकडे कलली. धाकट्याने उशी लावली, ती घसरली. थोरल्याने दुसरीकडून रेटलं, तर आई पुढे झुकली. चित्रकार पेन्सिलीला टोक करत थांबला.

"असं कर ताई," धाकटा म्हणाला, "तू खुर्चीमागे खाली बस आणि आईला पाठीतून धर. शालीच्या आतून. म्हणजे दिसणार नाहीस."

"चालेल का हो?" थोरल्याने चित्रकाराला विचारलं.

"मला काय, मी त्यांना काढणार नाही."

मधली खुर्चीमागे गुडघ्यांवर बसली. खुर्चीच्या पाठीच्या पट्ट्यांमधून हात घालून तिने आईला सरळ केलं. आईचे मणके एक एक तळहाताला लागत होते. पलीकडचं तिला काही दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं.

"या रचनेचं कसं असतं," चित्रकार सांगत होता, "पाया रुंद आणि भक्कम लागतो. तरच टोक तोलून राहतं."

"पाया म्हणजे आम्ही दोघे," थोरला म्हणाला. "आईचा सगळा भार आमच्यावरच तर आहे."

"खरंय," धाकटा म्हणाला.

आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे मधलीने पुष्कळ पाहिले होते. इथे तर दळणारीलाच जात्याआड लपवलं होतं. तिला ओरडावंसं वाटलं, ती खुर्ची उचलून उधळावीशी वाटली. पण खुर्चीत आई होती. इतक्या वर्षांत तिला एकदाही धड रागावता आलं नव्हतं, कारण हात कायम आईखाली अडकलेले.

तेवढ्यात आई काहीतरी बोलली. झटक्यानंतर तिचं बोलणं तोंडात बोळा कोंबल्यासारखं यायचं, आणि ते फक्त मधलीला कळायचं.

"काय म्हणतेय?" थोरल्याने मान न वळवता विचारलं. "पाणी हवं असेल. नंतर देऊ म्हणावं."

आई पुन्हा तेच म्हणाली, आता मोठ्याने. तिचा चालता उजवा हात मांडीवरून उठला, खुर्चीला वळसा घालून मागे आला, चाचपडत मधलीच्या मनगटापर्यंत पोचला आणि ओढायला लागला.

"ताई, काय म्हणतेय ती?"

"सोड म्हणतेय."

"काय सोड?"

मधलीने डोकं बाहेर काढून पाहिलं. धाकटा आईच्या डाव्या अंगाला, अगदी हाताशी बसला होता. आईने पुन्हा मनगट ओढलं. मधलीने दोन्ही हात काढून घेतले आणि ती उठून उभी राहिली.

आई सावकाश कलली आणि सगळ्या वजनानिशी धाकट्याच्या नव्या शर्टावर आली. तो मागे रेलला, कसाबसा सावरला, पण आईला कुठे धरायचं ते त्याला कळेना. थोरला धावला. त्याने आईचा दंड पकडून वर ओढायला सुरुवात केली. आईच्या तोंडाची चालती बाजू हसत होती.

"अगं, बघत काय उभी राहिलीस? धर की," थोरला ओरडला.

मधली जागची हलली नाही.

"दंड ओढू नकोस दादा, खांदा निखळेल. काखेतून हात घाल. हां. आता गुडघा लाव तिच्या पाठीला आणि तसाच थांब." मग तिने चित्रकाराकडे वळून विचारलं, "किती वेळ लागेल तुम्हाला?"

"दीड-दोन तास तरी," चित्रकार चाचरत म्हणाला.

"काढा सावकाश. थांबेल तो," मधली म्हणाली. "हातांना मुंग्या येतात थोड्या. पण होते सवय."