तुटलेली लाइन

सगळे स्क्रीन एकदमच थिजले. नूतनच्या केंद्रात बायका दूरदूरच्या दवाखान्यांचे रिपोर्ट टाइप करायच्या. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. नगरपरिषदेने स्वतःचं स्वस्त इंटरनेट गावभर नेलं, म्हणून तर यातल्या निम्म्या पुणं सोडून माहेरगावी परतल्या होत्या. ओस पडलेल्या पेठेत खानावळी निघाल्या, शिंप्यांना परगावच्या ऑर्डरी येऊ लागल्या.

नूतन धावत बाहेर आली. अनोळखी माणसं रस्ता खणत होती. खड्ड्यात तुटकी केबल लोंबत होती.

“अहो, नगरपरिषदेची लाइन आहे ती! कुणी सांगितलं तोडायला?”

टिकाव चालतच राहिले. तेवढ्यात तिला भगवंतमामांची गाडी दिसली आणि हायसं वाटलं. मामा नगरसेवक, केंद्राची फीत त्यांनीच कापली होती.

“मामा, थांबवा ना यांना!”

मामांनी काच अर्धीच खाली घेतली. “बायकांना घरी पाठव, नूतन. आता खासगी कंपनी येतेय. जुनं सगळं उखडायचंय.”

“पण हे गावाचं आहे!”

“होतं.”

काच वर गेली. बाजाराकडे जाणारी दुसरी केबल अजून शाबूत होती. ओढणी कमरेला बांधून नूतन खड्ड्यात उतरली आणि त्या केबलवर ठाण मांडून बसली. केंद्राच्या दारात बायका गोळा झाल्या. उगारलेला टिकाव तसाच धरून खणणाऱ्याने गाडीकडे पाहिलं.

काचेआड मामांनी शांतपणे होकारार्थी मान हलवली.