वळलेला बाण

"वळला कसा?" इन्स्पेक्टर धुरंधरनं पाचव्यांदा विचारलं.

"मी सोडलाच नाही साहेब, तर मला काय ठाऊक?" भिवा म्हणाला.

नायगावच्या चौकीची मागची खोली. एकच खिडकी, तीही गोणपाट लावून बंद. आजचा तिसरा दिवस. भिवा माझगावच्या डॉकमध्ये लेथवर नवाच टर्नर. आणखी एक खाडा पडला की नोकरी गेली. आणि घरी आई, सुंदराबाई, तिची चूल त्याच्याच पगारावर.

झालं होतं असं. मैदानात मंत्र्यांची सभा ऐन रंगात, आणि चाळीमागून बाण सुटला. दिवाळीत उडवतात तसलाच, पण हातभर लांब! सरळ वर गेला, वर जाऊन चक्क वळला, आणि बरोब्बर स्टेजच्या डोक्यावर येऊन फुटला. मंत्र्यांच्या टोपीवर पत्रकांचा पाऊस. संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! अख्खं मैदान हसलं.

झडतीत भिवाच्या ट्रंकेत एक फाटकं इंग्रजी मासिक सापडलं. त्यात रॉकेटचं चित्र.

"हे काय?"

"जर्मनांचं रॉकेट साहेब. रद्दीतलं. उडवणं सोपं असतं हो, वळवणं कठीण!" भिवाला राहवेना. "पोटात भोवरे फिरतात. रॉकेट जरा कललं की भोवऱ्यांना कळतं, शेपटीतल्या पात्यांना हुकूम सुटतो. आणि ती पाती कुठं? ज्वाळेत! ज्वाळा वळली की रॉकेट वळलं, होडीच्या सुकाणूसारखं..."

"बघा! सगळं तोंडपाठ आहे याला."

भिवानं जीभ चावली.

"नाक्यावर चहाच्या गाडीपाशी हेच शिकवतोस म्हणे पोरांना?"

"उघड बोलतो साहेब! कुशाबा हवालदारपण असतात तिथं. विचारा त्यांना."

दारातला कुशाबा हवालदार खोकला. फाउंटनला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्या दिवशी त्याची ड्यूटी तिथं होती. तेव्हापासून माणूस कामापुरतंच बोलायचा. "मी आपला चहा पितो साहेब. मला काय कळतंय त्यातलं."

"बॅटरी मार इकडे, चित्र दिसत नाही."

कुशाबानं बटण दाबलं. खट. परत खट. उजेड काय पडेना.

"गेल्याच महिन्यात नवे सेल दिले ना रे तुला?"

"सरकारी माल, साहेब."

साहेब भिवाकडे वळला. "चल, इथंच एक बाण करून दाखव. पात्यासकट."

भिवापुढे पेच. वळला तर गुन्हेगार. सरळ गेला तर म्हणणार, मुद्दाम बिघडवलास. आता बोला!

"नाही वळायचा साहेब. पत्रा ज्वाळेत टिकत नाही. जर्मनांनी ग्राफाइट वापरलं. कोळशाचाच भाऊ, काळंकुट्ट, कितीही तापवा, वितळत नाही. ते मी कुठून आणू?"

"पेन्सिलीत असतं." साहेबानं भिवाच्या खिशातली पेन्सिल लगेच जप्त केली.

"त्यात माती मिसळतात हो..."

"कर म्हणतो ना!"

कुशाबानं लालबागेतून बाण आणला. भिवानं डालड्याच्या डब्याचा पत्रा कापला. बिघडवावा असंही मनात येऊन गेलं, पण टर्नरच्या हाताला वाईट काम जमेना. पातं नीट घासूनपुसून बसवलं.

मागच्या अंगणात वात पेटवली. बाण पुरुषभर वर गेला, पत्रा लाल होऊन वाकडा झाला, आणि बाणानं गिरकी घेतली ती थेट भिवाच्याच अंगावर! भिवा पुढे, बाण मागे. सदऱ्याला रुपयाएवढं भोक पडलं.

साहेब पोट धरून हसला. "जा रे बाबा, जा! तू काय मंत्र्यावर नेम धरणार? कुशाबा, सोडून ये याला घरी."

चाळीच्या जिन्यात दिवसाढवळ्या अंधार. नोकरी वाचली होती, तरी भिवाच्या डोक्यात तेच चालू.

"काका, ज्यानं सभेत बाण सोडला, त्याचा वळला, म्हणजे त्याला ते काळं पातं मिळालं. कुठून मिळालं असेल हो?"

कुशाबा पुढे चढत राहिला.

"बॅटरी द्या ना जरा, इथली पायरी तुटलीय. सेल काढून चोळले की लागते कधीकधी."

कुशाबा थबकला. मग कमरेची बॅटरी काढून त्यानं भिवाच्या हातात ठेवली. "तूच बघ, मास्तर."

भिवानं झाकण फिरवून दोन्ही सेल तळहातावर घेतले. दोन्ही मधोमध पोकळ होते. आतल्या कोळशाच्या काळ्या कांड्या तेवढ्या नव्हत्या.