आवाज जरा बारीक येतो

कॉम्प्युटरला आवाज देणाऱ्या साउंड कार्डांच्या कंपनीत ती दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी निस्तरायची. आज एका काकांचा फोन आला.

“ताई, कार्ड तुमचं झकास आहे, फक्त आवाज बारीक येतो. आमची ही गुणगुणायची ना, हुबेहूब तसा. ती गेल्यावर कॉम्प्युटर घेतला, तेवढीच सोबत.”

फोनमधून ती गुणगुण तिलाही ऐकू येत होती.

“कार्डावरचा नंबर वाचता का, काका?”

“वाचतो की. थांबा, खोक्यातून काढतो.”

“खोक्यातून? आत बसवलं नाही?”

“बसवावं लागतं होय? मी आपलं शेजारी ठेवलंय!”

तिला हसू फुटलं आणि तिथल्या तिथे विरलं. बिनकार्डाचा कॉम्प्युटर फार तर टुंई करतो. गुणगुण तर चालूच होती. हे यांना सांगायचं तरी कसं?

“स्क्रू ड्रायव्हर आणतो,” म्हणत काकांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला. त्यांच्या चपलांचा आवाज लांब गेला.

गुणगुण मात्र जवळ आली. अगदी रिसीव्हरपाशी येऊन थांबली.

“सांगू नकोस गं बाळा,” एक बाई हळूच म्हणाली. “यांना मशीनच वाटू दे. फार घाबरट आहेत.”