सातवं घड्याळ

परराष्ट्र खात्याच्या दालनात सात देशांची वेळ दाखवणारी सात घड्याळं होती. यापुढे जगाशी आपला संबंध नाही, असं बलाढ्य सरकारनं ठरवलं आणि मंत्र्यांच्या सहीचा हुकूम आला: घड्याळं बंद करा.

किल्ली देणाऱ्या म्हाताऱ्यानं सहा थांबवली. सातव्यापाशी हात अडला. त्या देशात त्याची लेक दिली होती. पत्रं बंद झाल्यापासून ती आता उठली असेल, आता कामाला निघाली असेल, एवढंच त्यावरून कळायचं.

भर दुपारी बाराला मंत्री आले. सातवं साडेसहाला दोन मिनिटं कमी दाखवत होतं.

"हे चालू कसं?"

"चुकलं, साहेब. थांबवतो." नोकरी गेल्यात जमा होती.

मंत्र्यांनी बाही सारून मनगटावरचं घड्याळ पाहिलं. त्यात बारा नव्हे, साडेसहा वाजले होते.

"दोन मिनिटं मागे आहे," ते हळूच म्हणाले. "नीट लावून घ्या."